हवेवर थंड होणारे इंजिन: उतरवणे आणि परत चढवणे

फोक्सवॅगन बीटलचे इंजिन गाडीच्या अगदी मागच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या तोंडाशी चार बोल्टांनी जोडलेले असते. त्याच्या खाली वेगळा आधार नसतो. सारे वजन हे चार बोल्ट आणि गिअरबॉक्सचे आवरण पेलतात. तारा, केबल आणि पेट्रोलची नळी सोडवली, बोल्ट काढले आणि इंजिन चार-पाच इंच मागे ओढले, की ते मोकळे होते आणि गाडीच्या खालून बाहेर काढता येते. रेडिएटर नाही, पाण्याचे पाइप नाहीत, मोटारीचे तोंड उघडून वरून साखळी-कप्पी लावण्याची गरज नाही. हात बसलेली दोन माणसे हे काम सकाळी सुरू करून जेवणाच्या आत संपवतात. म्हणूनच या इंजिनाबद्दल एक चुकीची समजूत पसरली आहे, की ते उतरवणे-चढवणे म्हणजे नुसते पाने फिरवणे. प्रत्यक्षात उतरवणे सोपे आणि परत बसवणे जोखमीचे आहे. कारण पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात पाणी आपली वाट सहसा सोडत नाही, इथे मात्र हवेची वाट पत्र्यांनी आणि रबरी पट्ट्यांनी बांधून द्यावी लागते, आणि इंजिन उतरवताना नेमकी तीच वाट मोडली जाते.

पुण्याजवळच्या मावळात हा विषय परका नाही. आंबी, नवलाख उंबरे आणि तळेगाव हा पट्टा गेल्या काही दशकांत औद्योगिक वसाहतीने आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी भरून गेला. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, तो पुढे ह्युंदाईकडे गेला. पूर्वेला चाकणला फोक्सवॅगनने २००९ मध्ये आपला कारखाना उघडला. पण तिथून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी पाण्यावर थंड होणारी आणि पुढे इंजिन असलेली. त्याच कंपनीला जगभर नाव मिळवून देणारी मागच्या इंजिनाची बीटल भारतात थोडीच आली, तीही बहुतेक आयात होऊन. मुंबई-पुण्याच्या संग्राहकांकडे अशा गाड्या आहेत आणि त्यांचे इंजिन कधी ना कधी उतरवावेच लागते. मात्र हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचे ज्ञान या भागात त्याहून कितीतरी जुने आणि खोल आहे, ते बजाजच्या स्कूटर आणि रिक्षांमुळे. आकुर्डीत बनलेल्या चेतकचे इंजिन पुढे एका लांब आडव्या बोल्टावर झुलते आणि मागे शॉकॲब्सॉर्बरला जोडलेले असते. तारा-केबल सोडवल्या की हे दोन सांधे सुटल्यावर इंजिन हातात येते. १९७७ साली आलेल्या मागच्या इंजिनाच्या रिक्षेत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच खोक्यात असतात. दोन्हींत मॅग्नेटवर बसवलेला पंखा हवा ढकलतो आणि पत्र्याची किंवा प्लास्टिकची काउल ती हवा सिलिंडरवर नेते. काउल न बसवता फिरवलेली रिक्षा घाटात पिस्टन जाम करते, हे ज्या मिस्त्रीने पाहिले आहे त्याला बीटलचे अर्धे शास्त्र आधीच ठाऊक आहे.

बीटलचे इंजिन चार सिलिंडरांचे आहे आणि सिलिंडर आडवे, दोन उजवीकडे दोन डावीकडे, एकमेकांना पाठमोरे झोपलेले असतात. प्रत्येक सिलिंडर स्वतंत्र ओतीव नळकांडे आहे आणि त्याच्या बाहेर पातळ पंखांची रांग असते. वर, इंजिनाच्या मधोमध, डायनॅमो बसवलेला असतो. त्याच्या एका टोकाला पुली आणि दुसऱ्या टोकाला पंखा. क्रँकची पुली पट्ट्याने डायनॅमो फिरवते आणि त्याच आसावर पंखाही फिरतो. हा पंखा इंजिनच्या खोलीतून हवा ओढतो आणि मोठ्या पत्र्याच्या घरात ढकलतो. तिथून ती हवा खाली दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांवर, त्यांच्या डोक्यांवर आणि तेलाच्या कूलरवर जाते आणि गरम होऊन गाडीच्या खाली निघून जाते. जोरात फिरणाऱ्या इंजिनात दर सेकंदाला अर्ध्या घनमीटरच्या आसपास हवा अशी वाहते. पत्र्याच्या घरात झडपा असतात. त्या थर्मोस्टॅटच्या तारेने उघडतात. सिलिंडराखाली बसवलेली नळकांड्याची गुंडाळी ६५ ते ७० अंश सेल्सिअसला फुगते आणि झडप मोकळी करते, म्हणजे थंड इंजिन लवकर गरम होते. अनेक गाड्यांतून हा थर्मोस्टॅट कधीच काढून टाकलेला आढळतो. उष्ण हवामानात त्याची गरज नाही, असे सांगितले जाते. हे बरोबर नाही. सतत थंड चालणाऱ्या इंजिनात तेलात पाणी आणि पेट्रोल साचत राहते, आणि लोणावळ्याच्या पावसाळ्यात थोडे अंतर फिरणाऱ्या गाडीला ते जास्तच बाधते.

पाणी नसण्याची ही योजना फर्डिनांड पोर्शे यांच्या गटाने १९३० च्या दशकात जर्मनीसाठी केली. तिथल्या हिवाळ्यात पाणी गोठून इंजिन फुटते, आणि साध्या माणसाची गाडी गॅरेजशिवाय उघड्यावर राहील असे गृहीत होते. इंजिनाच्या मुख्य आवरणाला मॅग्नेशियमचे मिश्रधातू वापरून वजन कमी ठेवले गेले. ही रचना इतकी पुढे टिकली की शेवटची बीटल मेक्सिकोतल्या पुएब्ला येथे ३० जुलै २००३ ला बनली, तोवर एकूण २ कोटी १५ लाख २९ हजार ४६४ गाड्या बाहेर पडल्या होत्या. मावळात पाणी गोठत नाही, पण उकळते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीहून खंडाळ्याकडे बोरघाट चढताना पाण्याच्या गाड्या बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या पाहणारी पिढी आजही आहे. हवेच्या इंजिनाला उकळण्यासारखे काही नसते. पण त्याचा पंखा इंजिनाच्या वेगाच्या प्रमाणातच फिरतो, म्हणून घाटात वरच्या गिअरमध्ये इंजिन मंद आणि जड चालवले, तर उष्णता जास्त आणि हवा कमी असा घातक जोड जमतो. खालच्या गिअरमध्ये आवाज वाढतो, पण इंजिन वाचते.

उतरवण्याच्या कामाची तयारी आदल्या दिवशी सुरू होते. चारही बोल्टांच्या तोंडाला आणि सायलेन्सरच्या खिळ्यांना (स्टडना) गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे. लोणावळा-खंडाळ्याच्या पावसात आणि त्यानंतरच्या दमट हवेत राहिलेल्या गाडीत हे टाळले, तर खिळे फिरण्याऐवजी तुटतात. तेल काढून घ्यावे. त्यात फक्त अडीच लिटर मावते, आणि फिल्टर नसून खाली जाळी असते. जाळीत अडकलेले धातूचे कण बघावेत, कारण ते इंजिनाच्या आतल्या बेरिंगांची अवस्था सांगतात. पेट्रोलची टाकी शक्य तितकी रिकामी असलेली बरी. बॅटरी मागच्या सीटखाली असते. तिची अर्थची तार पहिल्यांदा काढायची. या क्रमात सवलत नाही, कारण पुढचे काम पेट्रोल आणि उघड्या विजेच्या तारांच्या शेजारी होते.

बीटलची आग वेगळीच भयंकर असते. कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी कापडी वेष्टनाची रबरी असते आणि जुनी झाली की ताठते, भेगाळते. आता भारतभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकले आणि पेटले, तर मॅग्नेशियमचे आवरण स्वतःच जळू लागते, आणि जळत्या मॅग्नेशियमवर पाणी टाकणे म्हणजे आग वाढवणे. जवळ कोरड्या भुकटीचे अग्निशामक ठेवावे, विडी-सिगारेट बाहेर ठेवावी, आणि इंजिन उतरवलेच आहे तर पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या बदलाव्यात. हा खर्च दोनशे-पाचशे रुपयांच्या घरातला, पण टाळला जाणारा सर्वांत धोकादायक खर्च आहे.

मग सोडवण्याचे काम. एअर क्लीनर काढल्यावर कार्बोरेटर उघडा पडतो. त्याच्या तोंडावर कापड बांधावे. ॲक्सिलरेटरची केबल कार्बोरेटरच्या दांडीवरून सोडवून पंख्याच्या पत्र्याच्या घरातून पुढे ओढून घ्यावी. तिला मुरड पडली तर ती पुढे पेडल जड करते. कॉइलची, ऑटोमॅटिक चोकची, तेलाच्या दाबाच्या स्विचची आणि डायनॅमोची तार काढताना प्रत्येकीला कागदी चिठ्ठी बांधावी. आता मोबाइलवर फोटो काढणे अधिक सोपे. पण फोटोत सारख्याच रंगाच्या दोन तारा कशा ओळखायच्या हे उत्तर चिठ्ठीच देते. इंजिनाच्या मागच्या बाजूचा, पुलीमागचा आडवा पत्रा काढावा लागतो, तरच खालची जागा मोकळी होते. हीटरच्या दोन मोठ्या नळ्या पंख्याच्या घरापासून खालच्या हीटर-खोक्यांपर्यंत जातात, त्या सोडवाव्यात. हीटरच्या झडपांच्या दोन केबल खालून मोकळ्या कराव्यात. पेट्रोलची नळी गाडीच्या खाली, गिअरबॉक्सजवळ, लोखंडी नळीला जोडलेली असते. तिला चिमट्याने दाबून मग सोडवावी आणि टोक बुचाने बंद करावे. क्लचची केबल मात्र गिअरबॉक्सला जोडलेली आहे, इंजिनाला नाही. तिला हात लावायचे कारण नाही.

गाडीची मागची बाजू उचलणे हा भाग सर्वांत गंभीर आहे. इंजिन खालून मागे जायचे असते, आणि वरच्या पंख्याच्या घरासकट ते मागच्या पत्र्याखालून निघावे म्हणून गाडी मागून सुमारे तीन फूट उंच करावी लागते. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, उभे ठेवण्याचे नाही. उचलल्यावर गाडी दोन मजबूत घोड्यांवर ठेवावी, पुढच्या चाकांना पाचर लावावी, आणि हलवून बघितल्याशिवाय खाली डोके घालू नये. मावळातल्या बऱ्याच गॅरेजांत फरशी मातीची असते. पावसाळ्यात तिथे घोडीचे पाय रुततात, म्हणून खाली जाड फळ्या टाकाव्यात.

चार बोल्टांपैकी दोन वर आणि दोन खाली. खालचे दोन खिळे इंजिनाच्या आवरणात बसवलेले असतात आणि त्यांच्या टोकाचे नट गाडीखालून, गिअरबॉक्सच्या बाजूने, सतराच्या पान्याने सुटतात. वरचे दोन बोल्ट अडचणीचे. त्यांतला उजवीकडचा स्टार्टरलाही धरून ठेवतो, त्यामुळे बोल्ट गेला की स्टार्टर लटकतो. त्याची जागा आधीच लक्षात ठेवावी. जुन्या मॉडेलांत एका बाजूला बोल्ट धरायला इंजिनच्या खोलीत माणूस आणि दुसऱ्या बाजूला पाना फिरवायला गाडीखाली माणूस लागतो. मदतनीस नसेल तर हे काम दुप्पट वेळ खाते. पहिल्यांदा खालचे नट काढायचे, मग वरचे बोल्ट, आणि शेवटचा बोल्ट काढण्याआधी इंजिनाखाली फिरत्या जॅकचा आधार मध्यभागी, रुंद फळी ठेवून, द्यायचा. फळी तेलाच्या जाळीच्या झाकणावर टेकता कामा नये; त्याचे पातळ पत्र्याचे झाकण आणि लहान नट इतका भार सोसत नाहीत.

आता इंजिन मागे ओढायचे. गिअरबॉक्सचा पुढे आलेला आस क्लच प्लेटच्या दात्यांतून इंजिनाच्या फ्लायव्हीलमधल्या लहान बेरिंगपर्यंत गेलेला असतो. इंजिन पूर्ण मागे येईपर्यंत त्याचे वजन या आसावर टांगले गेले, तर क्लच प्लेट वाकते किंवा बेरिंग खराब होते, आणि हे नुकसान गाडी सुरू करून चालवली की मगच कळते. म्हणून जॅक इंजिनासोबत सरकला पाहिजे आणि उंची हळूहळू जुळवत राहिली पाहिजे. दोन माणसे मिळून इंजिनाचे मागचे टोक किंचित हलवत, ते सरळ रेषेत मागे आणतात. आस सुटल्याचा ठोका जाणवला, की जॅक खाली सोडत इंजिन जमिनीवर घ्यायचे. संपूर्ण इंजिन शंभर ते एकशे दहा किलोच्या आसपास भरते, तेव्हा ते हातांनी उचलण्याचा मोह आवरावा.

इंजिन बाहेर आले, की त्याच्याकडे बघण्याची खरी वेळ सुरू होते. उघड्या तोंडावर तेल दिसते का, आणि ते कोणते, हे पहिल्यांदा ठरवावे. गिअरबॉक्सच्या तेलाला उग्र, गंधकाचा वास असतो. इंजिनच्या तेलाला नसतो. फ्लायव्हीलमागे इंजिनचे तेल असेल, तर क्रँकची मागची सील गेलेली. गिअरचे तेल असेल, तर गिअरबॉक्सच्या आसाची सील गेलेली. दोन्ही सील स्वस्त आहेत आणि बदलण्याचे कष्ट आता थोडेच आहेत. क्लच प्लेटची जाडी, तिच्या दात्यांची झीज आणि रिलीज बेरिंगचा आवाज तपासावा. फ्लायव्हील काढायचे असेल, तर त्याच्या मध्यावरचा मोठा नट छत्तीसच्या गोटी पान्याने सुटतो आणि परत घट्ट करताना तो सुमारे ३० किलोग्रॅम-मीटरला, म्हणजे लांब पाइप लावून पूर्ण जोराने, आवळावा लागतो. यात अंदाज चालत नाही. ढिला राहिलेला नट फ्लायव्हीलच्या छिद्रांतील पिना तोडतो आणि फ्लायव्हील कायमचे वाया जाते. क्रँकची आडवी हालचाल ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर एवढीच असावी; ती तीन पातळ रिंगांनी ठरवली जाते. पुश-रॉडच्या नळ्यांचे रबर, तेलाच्या कूलरच्या सील आणि सायलेन्सरचे खिळे याच वेळी पाहून घ्यावेत.

जुनी, बंद पडलेली गाडी असेल तर पंख्याच्या घराचा पत्राही काढून बघावा. मावळात इंद्रायणी आणि आंबेमोहोराच्या भाताचा पेंढा सर्वत्र असतो, आणि उभ्या गाडीच्या इंजिनात उंदीर त्याची घरटी बांधतात. पंख्याने ओढलेली पाने आणि धूळ तेलाच्या चिकटपणावर बसून सिलिंडरच्या पंखांमधली जागा भरून टाकतात. सिलिंडरच्या पंखांवर अर्ध्या मिलिमीटरचा मळ म्हणजे त्यांच्यावर रजई घातल्यासारखेच, आणि हे बाहेरून कधीही दिसत नाही. तार ब्रश आणि रॉकेलाने ही जागा साफ केल्यावरच पत्रे पुन्हा बसवावेत. १९७० पर्यंतच्या इंजिनांत तेलाचा कूलर पंख्याच्या घरातच, डाव्या बाजूच्या सिलिंडरांच्या वर उभा असायचा. तिथून गरम होऊन आलेली हवा तिसऱ्या सिलिंडरला मिळायची आणि तो इतरांहून अधिक तापायचा. पुढच्या मॉडेलांत कूलर बाजूला घेतला गेला आणि त्याला वेगळा पत्र्याचा बोगदा दिला. जुन्या रचनेत हे दुखणे मूळचेच आहे, म्हणून तिथे स्वच्छतेत कसूर चालत नाही.

परत बसवण्याआधी पत्र्यांची मोजणी करावी. या इंजिनाच्या पत्र्यांना अनेकजण सुशोभनाच्या वस्तू समजतात आणि एखादा उरला तर कोपऱ्यात टाकतात. हा गैरसमज सगळ्यांत जास्त इंजिने मारतो. खालचे पत्रे सिलिंडरांच्या पोटाशी हवा घट्ट पकडून धरतात, नाहीतर ती कमीत कमी अडथळ्याची वाट शोधून निसटते आणि वरचा पंखा फुकट फिरतो. इंजिनच्या खोलीच्या कडेने लावलेली रबरी पट्टी वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा वेगळ्या ठेवते; ती तुटली तर पंखा स्वतःच बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा ओढतो. हीटर काढून टाकले असेल, तर त्याच्या नळ्यांची पंख्याच्या घरातली दोन मोठी भोके बंद करावीत, नाहीतर तेवढी हवा सिलिंडरला न जाता तशीच वाया जाते. स्पार्क प्लगच्या तारांच्या रबरी टोप्यासुद्धा याच कामाच्या आहेत: त्या पत्र्यातील भोके बंद करतात. रिक्षेच्या मिस्त्रीला यांपैकी एकही गोष्ट सांगावी लागत नाही, फक्त बीटलमध्ये या पत्र्यांची संख्या जास्त आहे.

क्लच प्लेट फ्लायव्हीलच्या बरोबर मध्यभागी बसली, तरच गिअरबॉक्सचा आस आत जाईल. त्यासाठी जुन्या गिअरबॉक्सचा तुटका आस किंवा तेवढ्याच जाडीचा लाकडी दांडा घालून ती जुळवतात आणि मगच प्रेशर प्लेट आवळतात. आसाच्या दात्यांना अगदी थोडे ग्रीस द्यावे. जास्त लावले तर ते क्लचवर उडते. इंजिन जॅकवर चढवून सरळ रेषेत पुढे सरकवताना मदतनीसाने क्रँकची पुली हाताने थोडी थोडी फिरवत राहावी, म्हणजे दाते एकमेकांत अलगद शिरतात. इंजिनाचा चेहरा गिअरबॉक्सला पूर्ण टेकेपर्यंत बोल्ट हातानेच लावावेत. न टेकलेले इंजिन बोल्ट आवळून जवळ ओढण्याचा प्रयत्न झाला, तर गिअरबॉक्सचे आवरण तडकते. अंतर राहिले याचा अर्थ आस कुठेतरी अडला आहे, आणि तो सोडवणे हाच उपाय. सर्व बोल्ट सुमारे ३ किलोग्रॅम-मीटरला घट्ट करायचे, जास्त नाही.

मग उलट क्रमाने सगळे जोडावे. पेट्रोलच्या नळ्या नव्या, त्यांवर योग्य मापाच्या पट्ट्या. ॲक्सिलरेटरची केबल पंख्याच्या घरातून परत आणावी. पट्ट्याचा ताण मधोमध अंगठ्याने दाबल्यावर सुमारे १५ मिलिमीटर खाली जाईल इतका ठेवावा. तो वाढवण्या-कमी करण्यासाठी पुलीच्या दोन भागांमध्ये पातळ चकत्या असतात. हा पट्टा एकटाच डायनॅमो आणि पंखा दोन्ही फिरवतो, त्यामुळे डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा पेटणे म्हणजे हवा थांबल्याची शक्यता मानावी आणि तिथेच गाडी थांबवावी. पाण्याच्या गाडीत तोच दिवा पेटला तर कधी कधी पुढच्या गावापर्यंत जाता येते, इथे नाही. क्लचच्या पेडलला १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल राहील अशी केबल जुळवावी. व्हॉल्व्हचे अंतर बहुतेक मॉडेलांत ०.१५ मिलिमीटर, आणि तेही थंड इंजिनावर, शक्यतो रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनावर मोजायचे.

इंजिन बदलून दुसरे बसवायचे असेल, तर कागदपत्रांची बाजू विसरू नये. इंजिनचा क्रमांक आवरणावर डायनॅमोच्या पायाखाली ठोकलेला असतो, तो नोंदणीपुस्तकात असतो आणि वेगळे इंजिन बसले की परिवहन कार्यालयात नोंद बदलणे बंधनकारक ठरते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. अशा गाडीच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात, नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि दहा वर्षांनी नूतनीकरणाचे ५,००० रुपये आहे. गाडीचा नेहमीच्या प्रवासासाठी नव्हे तर प्रदर्शन आणि मेळाव्यांसाठीच वापर करण्याची मुभा मिळते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा अशी या नोंदणीची अट आहे. साध्या दुरुस्तीसाठी तेच इंजिन उतरवून तेच चढवण्याला ही अट आड येत नाही, पण मूळ क्रमांकाचे आवरण टाकून देणे मालकाला महागात पडू शकते. ते फुटले असेल तरी जपून ठेवावे.

सुरू करण्यापूर्वी कॉइलची तार काढून स्टार्टरने इंजिन फिरवावे, तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत. तेल बेरिंगांपर्यंत पोहोचल्याची ती खूण आहे. मग तार लावून इंजिन सुरू करायचे आणि टायमिंग बघायचे. गाडीच्या खाली पेट्रोल किंवा तेल ठिबकत नाही हे पहिल्या पाच मिनिटांत, आणि पुन्हा इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तपासायचे. पहिली फेरी सपाट रस्त्यावर घ्यावी, घाट नंतर. परत आल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि चारही बोल्टांवर पुन्हा पाना लावावा. पाचशे किलोमीटरनंतर तेल बदलावे, जाळी धुवावी, व्हॉल्व्हचे अंतर दुसऱ्यांदा मोजावे आणि सायलेन्सरचे नट शेवटचे एकदा आवळावेत.